पडद्यावरची गरिबी आणि आपली गरिबी
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



विहारात सिनेमावर कसलं भाषण, असं काहींना वाटेल. पण आपली पोरं पुस्तकापेक्षा पडद्याकडून जास्त शिकतात, म्हणून आम्ही हा विषय मुद्दाम घेतला.

१९८२ चा गिरणी संप झाला तेव्हा आम्ही शाळेत होतो. वडिलांचा पगार बंद झाला. आई बांधकामावर विटा वाहायला जाऊ लागली. त्याच काळात चाळीसमोर पडदा बांधून 'दीवार' दाखवला. १९७५ चा सिनेमा. त्यातली आईसुद्धा बांधकामावर राबते, आणि मुलगा वाममार्गाने पैसा कमावून तीच इमारत तिच्यासाठी विकत घेतो. पोरांनी शिट्ट्या मारल्या. आई मात्र घरी येताना म्हणाली, "तिच्यासंगं ज्या बाया राबत होत्या, त्यांचं काय झालं रे?"

तिचा प्रश्न खरा होता. त्या सिनेमात बाप कामगार पुढारी असतो. सुरुवात कामगारांच्या लढ्यापासून होते, पुढे लढा नाहीसा होतो आणि दोन भावांचं भांडण तेवढं उरतं.

'नमक हराम' (१९७३) मध्ये मालकाच्या मुलाचा मित्र कामगार बनून कारखान्यात शिरतो, पुढारी होतो, आणि गरिबी पाहून त्याचं मन पालटतं. सिनेमा चांगला आहे, आम्ही चारदा पाहिला. पण कामगाराची बाजू मांडायला बाहेरचाच माणूस का लागावा?

शिवाय पडद्यावरच्या गरिबाला बहुधा जातच नसते. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात घेत नसत. तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि बाकीच्यांना विटाळ होई. त्या खात्यात पगार जास्त होता. म्हणजे विटाळाने आपल्या आज्या-पणज्यांच्या पोटावरच पाय दिला. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला. १९३८ साली मनमाडला रेल्वे कामगारांपुढे त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले. सिनेमावाल्यांनी बहुतेक वेळा त्यातला एकच दाखवला, तोही अर्धा.

नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त (२०१३) मात्र दोन्ही दिसतात. शाळकरी जब्याला घरच्यांबरोबर डुक्कर धरावं लागतं आणि गाव हसतं. शेवटी तो दगड भिरकावतो, तो थेट आपल्या दिशेने येतो. मित्रहो, त्या हसणाऱ्यांत आपण कधी बसलो का? चार पैसे आले, फ्लॅट झाला, की गटार उपसणाऱ्या भावाला आपण ओळख देतो का?

सिनेमा जरूर पाहा. पण घरी आल्यावर पोरांना विचारा : त्या श्रीमंताचा पैसा आला कुठून? गरिबाची जात दाखवली की लपवली? आणि आमच्या आईचा प्रश्न विसरू नका : एकट्याचं भलं झालं, बाकीच्यांचं काय?

एवढं बोलून आम्ही थांबतो. जयभीम!