वजूचं पाणी आणि डोंगरावरची तहान



ईद झाली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आपली बरीच पोरं गाड्या काढून पन्हाळ्याला नाहीतर महाबळेश्वरला जातात. ज्यांच्याकडे बुलेट आहे आणि रजा शिल्लक आहे, ते थेट लेहला. लेह आणि महाबळेश्वर, दोन्हीकडे पर्यटक वाढतायत आणि पाणी पुरत नाही. कारणं मात्र अगदी वेगळी आहेत.

लेहला वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस. शेती चालते बर्फ आणि हिमनद्या वितळून येणाऱ्या पाण्यावर. हिमनद्या आक्रसत चालल्यात, आणि एप्रिल-मेमध्ये पेरणीला हवं तेव्हा पाणी मिळत नाही. च्युवांग नोरफेल या सिव्हिल इंजिनिअरनी हिवाळ्यात वाहून जाणारं ओढ्याचं पाणी बांध घालून गोठवलं, पुढे सोनम वांगचुक यांनी पाइपनं पाणी नेऊन बर्फाचे स्तूप उभे केले. तिथल्या पारंपरिक संडासाला पाणी लागत नाही, माती टाकतात. आपल्यासाठी हॉटेलवाल्यांनी फ्लश बसवले आणि बोअर मारल्या.

महाबळेश्वरची गोष्ट मला जास्त बोचते, कारण तिथं हिमनदीचा प्रश्नच नाही. वर्षाला ५००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. एक हजार चौरस फुटांच्या छतावर साडेचार लाख लिटरपेक्षा जास्त पाणी येतं. घराला रोज ५०० लिटर धरले, तर अडीच वर्षं पुरेल! तरी उन्हाळ्यात तालुक्यातल्या काही वाड्यावस्त्यांवर टँकरची वाट बघतात. डोंगरमाथ्यावरचा जांभा पाणी मुरवतो, खालचा बेसाल्ट ते अडवतो, मग झरे फुटतात. वरचं जंगल जाऊन काँक्रीट आलं की मुरायचं पाणी दरीत धावतं. हा भाग २००१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झालाय. आणि झरे आटतात त्याच एप्रिल-मेमध्ये आपण हॉटेलात शॉवर सोडून उभे असतो.

तिथं उगम पावणारी कृष्णा नरसोबावाडीला आपल्या पंचगंगेला भेटते, त्यामुळं हा परक्या गावचा प्रश्न नाही. पण सुरुवात मोहल्ल्यातून करावी असं मला वाटतं.

नळाला मिनिटाला पाच लिटर पाणी येतंय असं धरा. वजूला दोन मिनिटं, म्हणजे दहा लिटर. एका जमातीला दोनशे नमाजी असतील तर दोन हजार. हदीसमध्ये येतं की पैगंबर एक मुद, म्हणजे साधारण पाऊण लिटर पाण्यात वजू करत. वाहत्या नदीकाठीही उधळपट्टी नको, अशीही रिवायत आहे. यावर तकरीर खूप होतात, तोटी कुणी बदलत नाही.

कोल्हापुरात साधारण १००० मिलिमीटर पाऊस पडतो. मशिदीचं छत दोन हजार चौरस फूट असेल तर त्यावर १ लाख ८० हजार लिटरच्या वर पाणी पडतं, आणि गटारात जातं. ते टाकीत किंवा बोअरच्या पुनर्भरणाला घेता येतं. वजूच्या पाण्यावर झाडं जगतात, उरलेलं शोषखड्ड्यात.

ट्रस्टी आधी खर्च विचारतील, विचारूदेत. येत्या जुम्म्याला टेप घेऊन छताची लांबी-रुंदी मोजा, वजूखान्यातले नळ मोजा आणि आकडे माझ्याकडे पाठवा. हिशेब मी मांडून देतो. पाइप जोडायला मात्र प्लंबरच बोलवा, मी सॉफ्टवेअरवाला आहे.