पिशवी पोटावर, दडपण मनावर
(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)



आजचा विषय चारचौघांत बोलायचा नाही, असं आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. जेवणाबद्दल आपण तासभर गप्पा मारू. पण खाल्लेलं शरीराबाहेर कसं पडतं, हा विषय निघाला की घरातल्या घरातसुद्धा आपला आवाज खाली येतो. मी व्यवसायाने परिचारिका. बरीच वर्षं शस्त्रक्रिया विभागात काम केलं आणि आता पुण्यात घरोघरी जाऊन रुग्णांची शुश्रूषा करते. माझे बहुतेक रुग्ण दोन प्रकारचे असतात. एक, ज्यांच्या पोटावर शौचाची किंवा लघवीची पिशवी आहे. दुसरे, ज्यांचा लघवी-शौचावर ताबा राहिलेला नाही. दोघांचे आजार वेगवेगळे, पण मनावरचं दडपण मात्र एकाच जातीचं.

आधी पिशवीबद्दल सांगते. कर्करोग, अपघात, आतड्याला पडलेला पीळ, टायफॉइडने किंवा क्षयाने आतड्याला पडलेलं भोक अशा कारणांनी कधी कधी शौचाचा नेहमीचा मार्ग बंद ठेवावा लागतो. मग शल्यविशारद आतड्याचं टोक पोटावर बाहेर काढतात. त्याला स्टोमा म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ तोंड. मोठ्या आतड्याचं असेल तर कोलोस्टोमी, लहान आतड्याचं असेल तर इलिओस्टोमी आणि लघवीसाठी केलेली ती युरोस्टोमी. काहींचा स्टोमा तात्पुरता असतो, काही महिन्यांनी बंद करता येतो. काहींना तो जन्मभर सांभाळायचा असतो.

हा स्टोमा दिसायला लालसर, ओलसर, आपल्या गालाच्या आतल्या बाजूसारखा असतो. घरच्यांना ती जखम वाटते. ती जखम नव्हे. हात लावला तर दुखत नाही, कारण वेदना कळवणारे मज्जातंतू तिथे नसतात. मात्र तिथे रोखून धरणारा स्नायूही नसतो. म्हणून पिशवी लागते.

रुग्णालयात शिकवतात, नाही असं नाही. पण तेव्हा रुग्ण गुंगीत, नातेवाईक बिलाच्या चिंतेत. खरे प्रश्न घरी आल्यावर सुरू होतात. परकराची नाडी कुठे बांधायची? चाळीतल्या सामाईक संडासात पिशवी रिकामी कशी करायची? मांडी घालून जेवायला बसलं की चकती सुटते, त्याचं काय? देवघरात जायचं की नाही?

यातले काही प्रश्न शस्त्रक्रियेच्या आधीच सोडवता येतात. तातडीची शस्त्रक्रिया नसेल तर स्टोमाची जागा आधी पोटावर खुणेने ठरवता येते. त्यासाठी रुग्णाला बसवून, उभं करून, वाकायला लावून पाहायचं असतं. आपल्याकडे तर मांडी घालायला सांगायचं आणि साडी, धोतर किंवा लेंगा नेहमी जिथे बांधतात तिथे बांधायला सांगायचं. नाडीची रेघ आणि पोटाची घडी टाळून खूण करायची. रुग्णाला स्वतःला ती जागा दिसली पाहिजे. तुमच्या घरी कुणाची अशी शस्त्रक्रिया ठरली असेल तर हे आवर्जून विचारा. दहा मिनिटांचं काम, पण पुढच्या कित्येक वर्षांचा त्रास वाचतो.

माझ्या एका रुग्णाची गोष्ट सांगते. त्यांना आपण काका म्हणू. इलिओस्टोमी झालेली, राहणं चाळीत दुसऱ्या मजल्यावर. मी प्रथम गेले तेव्हा त्यांनी खाली उतरणं सोडलं होतं, रात्रीचं जेवणही सोडलं होतं. "सिस्टर, खाल्लंच नाही तर येणार कुठून?" असं त्यांचं म्हणणं. खरं तर उपाशी राहून लहान आतड्याचं काम थांबत नाही. पाचकरस येतच राहतात आणि वारा जास्त धरतो. मी चकती काढली तर भोवतीची कातडी सोलवटलेली. कारण साधं होतं. चकतीचं भोक फार मोठं कापलं जात होतं आणि उघड्या राहिलेल्या कातडीवर पाचकरस झिरपत होते. जे रस अन्न पचवतात ते कातडीलाही सोडत नाहीत. भोक स्टोमाच्या कडेपेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं हवं. शिवाय शस्त्रक्रियेनंतर सहा ते आठ आठवडे स्टोमा आकसत जातो, म्हणून दर वेळी माप घ्यायला हवं.

कोमट पाण्याने धुणं, टिपून कोरडं करणं, मापाचं भोक कापणं, चकती हाताच्या उबेने दाबून बसवणं, एवढंच आम्ही केलं. कातडी सुधारली. पिशवी काठोकाठ भरायची वाट न बघता तिसरा हिस्सा ते अर्धी भरली की रिकामी करायची, हे ठरलं. उकिडवं बसवत नसल्याने त्यांनी बुटक्या स्टुलावर बसून टमरेलात रिकामी करायची पद्धत स्वतःच शोधली. तिसऱ्या भेटीत मी आरसा समोर धरला आणि हात मागे घेतले. काकांनी सगळं स्वतः केलं. वेळ लागला, कपाळावर घाम आला, पण केलं. पुढच्या महिन्यात ते खालच्या कट्ट्यावर पेपर वाचताना दिसले.

घरच्या शुश्रूषेचं खरं काम मला हेच वाटतं. परिचारिकेने रोज येऊन पिशवी बदलून जाणं म्हणजे सेवा झाली, पण रुग्ण परावलंबीच राहिला. रुग्णाच्या हातात ते कौशल्य देऊन आपण हळूहळू अनावश्यक होत जायचं.

हे ज्ञानसुद्धा मोठ्या प्रमाणावर रुग्णांकडून आणि त्यांच्या घरच्यांकडून आलेलं आहे. डेन्मार्कमध्ये एलिस सोरेन्सन नावाची परिचारिका होती. तिच्या बहिणीला स्टोमा झाला आणि गळतीच्या भीतीने ती घराबाहेर पडेना. तिच्यासाठी १९५४ साली एलिसने चिकटणाऱ्या, वापरून टाकून देता येणाऱ्या पिशवीची कल्पना काढली. अमेरिकेत नॉर्मा गिल या बाईंना स्वतःलाच इलिओस्टोमी होती. डॉक्टर रूपर्ट टर्नबुल यांनी १९५८ साली त्यांना क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये इतर रुग्णांना शिकवण्यासाठी बोलावलं. त्यातून स्टोमाच्या शुश्रूषेची वेगळी शाखा उभी राहिली. आज आपल्याकडेही मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयासारख्या ठिकाणी स्टोमा क्लिनिक आहे.

खाण्यापिण्याबद्दल दोन शब्द. इलिओस्टोमी असलेल्यांनी पाणी आणि मीठ दोन्हींकडे लक्ष द्यावं. मोठं आतडं पाणी शोषून घेतं, आणि इथे तेच वगळलेलं असतं. मे महिन्याच्या उन्हात किंवा निर्जळी उपवासात असा माणूस फार लवकर गळून जातो. पिशवी पातळ पाण्याने पुन्हा पुन्हा भरू लागली तर नुसतं पाणी ढोसू नये, ओआरएस घ्यावं आणि डॉक्टरांना कळवावं. मक्याचं कणीस, ओलं खोबरं असे चोथ्याचे पदार्थ सुरुवातीला टाळावेत, पुढे थोडे थोडे, नीट चावून खावेत. भात, केळं, साबुदाणा यांनी पातळपणा कमी होतो. स्टोमा काळानिळा दिसला, रक्त थांबेना, किंवा पोटात कळा, उलट्या आणि पिशवीत काहीच नाही असं झालं, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावं.

आता दुसऱ्या प्रकारच्या रुग्णांकडे वळते. खोकला आला, शिंक आली की लघवी सुटते, हे कितीतरी बायका बाळंतपणानंतर वर्षानुवर्षं सोसतात. "वयाने होतंच," म्हणून गप्प बसतात. लग्नाला जात नाहीत, एसटीत बसत नाहीत. आणि पाणी पिणं कमी करतात. हा उपाय उलटा पडतो. लघवी दाट होऊन मूत्राशय जास्त चुरचुरतं, बद्धकोष्ठ होतं आणि त्रास वाढतो. अर्नोल्ड केगेल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञांनी १९४८ साली ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम मांडले. लघवी रोखताना जे स्नायू आवळतो तेच आवळायचे, थोडे धरायचे, सोडायचे. रोज, नेमाने, तीनेक महिने तरी. खर्च शून्य, आणि भाजी निवडतानाही करता येतात. अर्थात आधी डॉक्टरांना दाखवावं. मधुमेह, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, पुरुषांत प्रोस्टेटची वाढ, यांतलं काही कारण असेल तर इलाज वेगळा.

अंथरुणाला खिळलेल्यांचं तंत्र निराळं. दर दोन-तीन तासांनी, त्यांनी मागायच्या आधी, भांडं द्यावं. किती वाजता काय झालं ते वहीत लिहावं. चार दिवसांत त्या शरीराचं वेळापत्रक कळतं. डायपर रात्रभर ओला ठेवू नये. नळी घातली असेल तर लघवीची पिशवी मूत्राशयापेक्षा खाली, पण जमिनीला न टेकता टांगावी. नळीला पीळ पडू देऊ नये. आणि हात आधीही धुवावेत, नंतरही.

शेवटी घरच्यांविषयी. हे काम बहुतेक घरांत बायको किंवा सून करते. मुलगा दाराशी उभा राहून "काही हवं का?" विचारतो. माझा आग्रह असतो की त्यानेही शिकावं. एकटीवर भार पडला की तिचा जीव मेटाकुटीला येतो, आणि तो तिच्या चेहऱ्यावर उमटतो. रुग्ण तोच चेहरा वाचत असतो. मी एका आजींना विचारलं होतं, सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो? त्या म्हणाल्या, "पिशवीचा नाही गं बाई. माझं ताट वेगळं मांडलं ना, त्याचा." स्टोमामुळे कुणाला काही लागण होत नाही. ताट वेगळं करायचं कारण नाही, देवघर बंद करायचं कारण नाही. आंघोळ करता येते, नोकरी करता येते, प्रवासही होतो. आडोसा मात्र जरूर द्या. एका खोलीचं घर असलं तरी दोरीवर साडी टाकून पडदा होतो.

श्रोतेहो, तुमच्या घरात, शेजारात कुणी हल्ली समारंभ टाळू लागलं असेल, सारखं "तुम्ही जा, मी घरीच बरा" म्हणत असेल, तर जवळ बसून विचारा. नाक न मुरडता, कुजबुज न करता, ताप आलाय का म्हणून विचारतो तितक्या सहज विचारा. पुष्कळदा इलाज असतो, आणि नसला तरी सांभाळण्याची रीत नक्की असते.