ठराव, दाखला आणि चवदार तळे

(महाड येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



भ्रष्टाचाराची चर्चा बहुधा माणसांच्या नीतिमत्तेपासून सुरू होते आणि तेथेच संपते. महाडात ती चवदार तळ्यापासून सुरू करणे अधिक उचित ठरेल. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली संमत केला. १९२४ साली महाड नगरपालिकेने त्यानुसार तळे खुले केले, पण केवळ कागदावर. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आपल्या हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले, तेव्हा त्या ठरावात प्राण आला. नगरपालिकेने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ठराव फिरवला, आणि न्यायालयाचा अखेरचा निर्णय मिळण्यास १९३७ साल उजाडले.

कागदावरचा हक्क आणि हातातला हक्क यांमधील हे अंतर हीच भ्रष्टाचाराची सुपीक जमीन होय. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरील ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एस.टी. गाड्याही गेल्या. त्याच वर्षीच्या पाहणीत पूल सुरक्षित आढळला होता, असे शासनाकडून सांगण्यात आले. २४ ऑगस्ट २०२० रोजी शहरातील पाच मजली 'तारिक गार्डन' कोसळली. १६ जीव गेले. विकासकाबरोबर नगरपरिषदेच्या अधिकाऱ्यांवरही गुन्हे नोंदले गेले. दोष कोणाचा, हे न्यायालयाने ठरवावयाचे. परंतु दाखला खरा की खोटा, हे दुर्घटनेनंतरच कळावे, ही व्यवस्थाच सदोष आहे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने लाच हा दुबळ्यांवरील बेकायदा कर आहे, आणि त्याचा दर ठरतो तो दुसऱ्या हेलपाट्याच्या खर्चावरून. पोलादपूरच्या डोंगरातील वाडीवरून दाखल्यासाठी उतरलेल्या मजुराचा एक दिवसाचा रोज बुडतो, वर एस.टी.चे भाडे. "साहेब नाहीत, उद्या या" या चार शब्दांची किंमत दोघांनाही ठाऊक असते. जेथे कचेरी एकच, निर्णय एकाच्या मर्जीवर आणि जाब विचारणारा कोणी नाही, तेथे सज्जन कारकूनही फार काळ टिकत नाही. म्हणून केवळ माणसे बदलून भागत नाही. हेलपाटा आणि मर्जी, दोन्ही हटवावी लागतात.

त्यासाठीची साधने नाहीत असे नव्हे. महाराष्ट्राने माहितीच्या अधिकाराचा कायदा २००२ साली केला, केंद्राने २००५ साली. रोजगार हमीच्या केंद्रीय कायद्याने ग्रामसभेला सामाजिक अंकेक्षणाचा अधिकार दिला. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवांना मुदत घालून दिली आणि कसूर करणाऱ्यास दंडाची तरतूद केली. वृत्तपत्रांचे सामर्थ्यही याच जिल्ह्याने पाहिले आहे. १९८१ साली 'इंडियन एक्स्प्रेस'ने सिमेंटवाटप आणि देणग्यांचे प्रकरण उजेडात आणले, प. बा. सामंत आदींच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने निर्णय दिला आणि जानेवारी १९८२ मध्ये रायगडचेच सुपुत्र असलेल्या मुख्यमंत्री अंतुले यांना राजीनामा द्यावा लागला. मात्र पत्रकाराच्या लेखणीला न्यायालयाची जोड मिळाली, म्हणूनच हे घडले. आज सरकारी आणि पुढाऱ्यांच्या जाहिरातींवर तगणाऱ्या तालुका पत्राकडून एकट्याने अशा धैर्याची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. त्याला वर्गणीदार वाचकांचा आधार हवा.

हे सारे कायदे आज १९२४ च्या ठरावासारखे आहेत. त्यांच्यापर्यंत चालत जाणारी माणसे घडवणे, हेच नागरिक-शिक्षण. ते नागरिकशास्त्राच्या पाठांतराने साधत नाही. पावसाळ्यात धो-धो पावसाखाली चिंब होणाऱ्या याच डोंगरात वैशाखात टँकर येतो. त्याच्या फेऱ्यांची नोंदवही ग्रामसभेत मोठ्याने वाचली जावी, आणि ज्यांच्या नावे फेरी लिहिली त्या बायकांनी उठून सांगावे, पाणी आले की नाही. शाळेतील मुलांनी रस्त्याच्या कामाचा फलक उतरवून घ्यावा आणि लांबी मोजून पाहावी. अर्ज एकट्याने न देता दहा जणांनी मिळून द्यावा, पोच घ्यावी, मुदत संपताच अपील करावे.

ही कामे लहान आहेत, वाईटपणा आणणारी आहेत. ठेकेदार बहुधा गावातलाच, कधी भावकीतलाच असतो. तळ्याकडे निघालेल्यांनाही घरी परतताना मार खावा लागला होता. तरी ओंजळ भरली गेली, म्हणूनच तो ठराव इतिहासात उरला.