तुरीचा वांझ रोग आणि बियाण्याचा नकाशा

(हिंगोली जिल्ह्यातील शेतकरी महिलांपुढे केलेले भाषण)



तुरीचं झाड हिरवंगार, झुडपासारखं वाढतं, पण त्याला फूल नाही, शेंग नाही. आपण म्हणतो, वांझ रोग पडला. इथेही शब्द तोच! दोष मात्र तुरीचा नसतो. साध्या डोळ्यांना न दिसणारा एक कोळी विषाणू आणून सोडतो.

काही वाण या रोगापुढे टिकतात. बदनापूरच्या संशोधन केंद्राचा 'बीएसएमआर 736' त्यातलाच. टिकणारं झाड ओळखायचं कसं? शास्त्रज्ञ रोगट पान निरोगी रोपाच्या पानाला पिनेनं टाचतात आणि रोग येतो का, याची वाट बघतात. आता आणखी एक रस्ता निघाला आहे.

प्रत्येक पेशीत डीएनएचा धागा असतो, चार अक्षरांत लिहिलेला. त्यात जागोजागी दोन-तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात, गाण्यातल्या पालुपदासारखी. एका वाणात 8 वेळा, तर दुसऱ्यात 12 वेळा. अशा पुनरुक्तीला एके काळी शास्त्रज्ञ कचरा म्हणत. तीच आज नकाशातले मैलाचे दगड झाली आहे. टिकणाऱ्या आणि बळी पडणाऱ्या तुरीचा संकर करायचा. त्यांच्या नातवंडांत बघायचं, की रोगापुढे टिकलेल्या झाडांत कोणती खूण वारंवार सोबत येते. त्या खुणेच्या शेजारीच तो गुण बसलेला असणार. मग कोवळ्या रोपाच्या एका पानावरूनही अंदाज बांधता येतो. 2011 मध्ये हैदराबादजवळच्या इक्रिसॅटच्या पुढाकारानं तुरीच्या अख्ख्या डीएनएचा आराखडाही तयार झाला.

यात आपला काय संबंध? नव्या वाणासाठी जुनी, वेगवेगळ्या गुणांची बियाणी लागतात. ती निवडून, राख लावून, गाडग्यात जपली कुणी? घरोघरच्या बायांनी. पण सातबारावर नाव नवऱ्याचं, नाहीतर सासऱ्याचं. म्हणून 2001 चा पीकवाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा नीट समजून घ्या. त्यातली शेतकऱ्याची व्याख्या सातबारा मागत नाही. पारंपरिक वाण पारखून जतन करणाऱ्यालाही तो शेतकरीच म्हणतो. बियाणं राखायचा, पेरायचा, देवाणघेवाणीचा आणि ब्रँड न लावता विकायचा हक्क देतो. गटाच्या नावानंही वाणाची नोंदणी करता येते.

तेव्हा बियाण्याचा नमुना मागायला कुणी आलं, तर जरूर द्या. पण पाकिटावर कुणाचं नाव लिहिलं जातंय, ते बघा. तुम्ही जपलं असेल, तर तुमचंच नाव लिहून घ्या.