घर आणि सुतार

दिवाळी आटोपून हवा कोरडी झाली, म्हणजे गोमंतकातील कौलारू घरांची पाहणी करण्याचा खरा हंगाम सुरू होतो. चार महिन्यांच्या पावसाने कोठे काय केले आहे, हे आता उघड दिसते. भिंतीवर ओल उतरलेली असते, एखादे दार चौकटीत घासत असते, छपराचा एक पाखा किंचित खचलेला असतो. पुढचा पाऊस साधारणतः जूनच्या पहिल्या आठवड्यात यावयाचा; म्हणजे दुरुस्तीला सहा-सात महिने हाताशी असतात. तरीही पुष्कळ गृहस्थ सुताराला बोलावणे धाडतात, ते मे महिन्यात. मग घाई होते, घाईत ओले लाकूड चढवले जाते, आणि पुढच्या दिवाळीला तेच काम पुन्हा काढावे लागते.

सुताराला आपल्याकडे मिस्त्री म्हणतात. पोर्तुगीज भाषेतील 'मेस्त्र' म्हणजे गुरू किंवा निष्णात कारागीर, ह्या शब्दापासून तो आला. कोकणीत त्याचाच 'मेस्त' झाला. नावातच मान आहे. परंतु तो मान कामाच्या वेळी किती घरांत पाळला जातो, हा प्रश्न आहे.

सुतार कसा निवडावा? त्याने पूर्वी केलेले एखादे छप्पर दोन-तीन पावसाळे काढलेले असेल, तर ते जाऊन पाहावे आणि त्या घरच्या माणसांना विचारावे. गावातला सुतार घ्यावा, तो केवळ स्वस्त पडतो म्हणून नव्हे. त्याला त्या वाडीतील वारा, पावसाची झड आणि वाळवीची जागा ठाऊक असते. आणि आषाढात पाणी गळू लागले, तर निरोप पोहोचताच तो येऊ शकतो.

चांगला सुतार आल्याबरोबर भाव सांगत नाही. आधी शिडी मागतो. वाशाचे जे टोक भिंतीत गेलेले असते, तेथे तो प्रथम हात लावतो, कारण भिंतीतली ओल तेथेच लाकूड कुजवते. पटाशीचे टोक टोचून तो पाहतो, ठोकून आवाज ऐकतो. वाळवी वरचे कवच तसेच ठेवून आतून पोखरते. अशा लाकडाचा आवाज बद्द येतो. आणि सगळे पाहून झाल्यावर तो काय बदलावयाचे हे सांगतो, तसे काय बदलावयाचे नाही हेही सांगतो. जुना सागवानी वासा नुसता काळवंडला म्हणून काढून टाकणे हा अपव्यय आहे. एवढे स्पष्ट बोलणारा कारागीर मिळाला, तर त्याला सोडू नये.

घराच्या माणसांचा जीव जेथे गुंतलेला असतो, ते काम खांबाचे. पडवीच्या खांबाचा पाय कुजला, तर वरचा भार आधी टेकूंवर घेतल्याशिवाय तो हलवता येत नाही. मंगलोरी कौल एक एक पाहिले तर दोन ते तीन किलोचे. परंतु एका पाख्यावर अशी शेकडो कौले असतात. टेकूंचा खर्च वाचवू पाहणारा गृहस्थ सुताराचा आणि घरातील मुलांचा जीव धोक्यात घालतो. ह्या बाबतीत सुतार नको म्हणाला, तर त्याचेच ऐकावे.

आता लाकडाविषयी. बारा फूट लांब, चार इंच रुंद आणि तीन इंच जाड असा वासा बरोबर एक घनफूट भरतो. हा हिशेब ध्यानात ठेवला, तर वखारीत फसगत होत नाही. खोडाच्या बाहेरच्या अंगाचे पांढरट लाकूड वाळवीला लवकर बळी पडते. टिकतो तो आतला गाभा. नवी कौले घालावयाची असतील, तर त्यांतील एक कौल आधी सुताराच्या हाती द्यावे, कारण रीपांमधील अंतर कौलाच्या मापाने ठरते. परसातला फणस तोडून लाकूड करावे, असे मनात आले, तर १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे प्रथम परवानगी घ्यावी लागते, हे विसरू नये.

लाकूड पावसात आडव्या अंगाने फुगते, लांबीत जवळजवळ वाढत नाही. म्हणून जुलैत घासणाऱ्या दाराला लगेच रंधा मारण्याचा हट्ट धरू नये. तेच दार मार्चमध्ये आक्रसते आणि फटीतून उजेड येतो.

व्यवहार आधीच स्पष्ट व्हावा. काम रोजावर की उक्ते, लाकूड कोणाचे, खिळे-बिजागऱ्या कोणाच्या, जुने लाकूड कोणाकडे राहावयाचे, एवढ्या गोष्टी एका कागदावर लिहून दोघांनी सही करावी. विसार द्यावा, पण सगळी रक्कम आगाऊ देऊ नये. आणि काम पुरे होताच उरलेली रक्कम त्याच दिवशी द्यावी. कागदाचा पहिला अर्धा भाग गृहस्थ काटेकोरपणे पाळतो आणि दुसरा विसरतो, हा पुष्कळ गावांतला अनुभव आहे. 'उद्या या' असे चार वेळा ऐकून परत जाणाऱ्या सुताराच्या घरीही चूल असते.

दसऱ्याला करवत, रंधा आणि वाकस ह्यांची पूजा होते. ख्रिस्ती घरांत नाझरेथच्या सुताराचे, संत जोसेफचे, चित्र असते. त्याच्या नावाने १ मे हा कामकऱ्याचा सण १९५५ साली पोप बारावे पायस ह्यांनी नेमून दिला. शुभवर्तमानात प्रत्यक्ष येशूलाही लोक सुतार म्हणूनच ओळखतात. हत्यारांना हळदकुंकू वाहणाऱ्या आणि सुतार संताला मेणबत्ती लावणाऱ्या समाजाने हत्यार चालवणाऱ्याची मजुरी थकवावी, हे शोभत नाही.

तेव्हा ह्या हिवाळ्यात सुताराला वेळेवर बोलवावे, त्याला सावकाश पाहू द्यावे, त्याचे म्हणणे ऐकावे आणि त्याचे दाम चुकते करावेत. मग जूनमध्ये पहिली सर कौलांवर वाजू लागली, तरी घरच्यांना खाटा हलवाव्या लागणार नाहीत.