अठरा पुरी झाल्यावर

श्रोतेहो, आपला मुलगा अठरा वर्षांचा झाला म्हणून आपण त्याला घराबाहेर काढतो का? उलट त्याच्या डब्याची काळजी वाढते. बालगृहातल्या मुलाला मात्र याच वयात संस्था सोडावी लागते. माझ्या वर्गात असा एक होता. हुशार. खोली पाहायला गेला की घरमालक विचारी, "गाव कोणतं? वडील काय करतात?" उत्तर ऐकले की खोली 'कालच दिली'. पंधरा दिवस तो एस.टी. स्टँडवर निजत होता. अन् मी आपली रोज हजेरी घेत होतो!

कायद्यात सोय नाही असे नाही. २०१५च्या बालन्याय कायद्यात अशा मुलांच्या अनुरक्षणाची तरतूद आहे. नियमांप्रमाणे २१व्या, अपवाद म्हणून २३व्या वर्षापर्यंत. त्यासाठी अनुरक्षणगृहे असतात. पण मुलाला हे सांगायचे कुणी? गुरुजी, तुमच्या शाळेत बालगृहाची मुले असतील, तर सतरावे सरण्याआधीच जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात चौकशी करा. दाखले, आधार कार्ड त्याच्या हाती आहेत ना, तेही पाहा. आणि मंडळी, तुमच्या रिकाम्या खोलीसाठी असा मुलगा दारी आला, तर भाडे सांगा, अनामत मागा. वडिलांचे तेवढे विचारू नका.