रक्ताचा जमाखर्च

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त टेरेसवर झालेल्या कौटुंबिक मेळाव्यात एका सभासदाने केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



कमिटीने मला भाषणाचा विषय विचारला, तेव्हा मी 'रक्त' असं सांगितलं. सेक्रेटरी जरा थांबले आणि म्हणाले, "काका, जेवणाच्या आधी ठेवू की नंतर?" मी म्हटलं, आधीच ठेवा, कारण मला जेवणाबद्दलही बोलायचं आहे. तेव्हा खालून मसालेभाताचा वास यायला लागला तरी वीस मिनिटं मला सांभाळून घ्या.

मी डॉक्टर नाही. एका रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून उभी नोकरी केली. सुरुवात मात्र पेढीतून नाही, आपल्या पार्किंगमधून करतो.

जुन्या सभासदांना आठवत असेल, सोसायटीला दहा वर्षं झाली तेव्हा आपण खाली रक्तदान शिबिर घेतलं होतं. तपासणीच्या टेबलावर मी बसलो होतो. माझ्यापुढे मोरचुदाचं निळं द्रावण होतं. बोटाला टोचून रक्ताचा एक थेंब त्या द्रावणात सोडायचा. थेंब पटकन बुडाला, तर हिमोग्लोबिन रक्तदानाला पुरेसं आहे, म्हणजे डेसिलिटरला 12.5 ग्रॅम किंवा त्याहून जास्त. तरंगला, तर कमी आहे. रांगेत आमची हीसुद्धा होती. (तिची परवानगी घेऊन सांगतोय, पहिल्याच रांगेत बसली आहे.) मी थेंब सोडला. तो थोडा खाली गेला आणि वर आला. मी दुसरा सोडला. तोही वर आला.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये नीट तपासलं. हिमोग्लोबिन 8.4.

त्याआधी कितीतरी महिने लिफ्ट बंद असली की ही दुसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून उभी राहायची. मी म्हणायचो, "वजन कमी कर, चालायला जात जा." दिवसभर लोकांचं रक्त तपासणारा माणूस मी, आणि घरातलं मला दिसलं नव्हतं. त्या दिवशी बिल्डिंगमधल्या आणखीही बऱ्याच वहिनींना आम्ही चहा-बिस्किटं देऊन परत पाठवलं. सगळ्या हसत म्हणाल्या, "आम्हा बायकांचं कमीच असतं हो!" आजचं माझं सगळं भाषण या एका वाक्याबद्दल आहे.

आधी रक्त म्हणजे काय ते बघू. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. हृदय मिनिटाला जवळजवळ तेवढंच रक्त ढकलतं, म्हणजे दिवसाला सात हजार लिटर. आपल्याकडे मे महिन्यात येणारा दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांपुढे आणा. त्याचा पाऊण भाग हा मुठीएवढा पंप रोज खेचतो, आणि याला एकही दिवस सुटी नाही.

रक्त गोठू नये म्हणून औषध घालून ते नळीत उभं ठेवलं, तर काही तासांनी त्याचे थर होतात. वर निम्म्याहून थोडं जास्त पिवळसर पाणी दिसतं. तो प्लाझ्मा, मराठीत रक्तद्रव. त्याचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग पाणीच असतो. उरलेल्यात प्रथिनं, क्षार, साखर, संप्रेरकं आणि मूत्रपिंडाकडे निघालेला कचरा. खाली लाल थर असतो, तो तांबड्या पेशींचा. आणि दोघांच्या मध्ये एक पातळ पांढुरकी रेघ दिसते. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स त्या रेघेत असतात.

ही रेघ बारीक असली तरी तिच्यावाचून चालत नाही. पांढऱ्या पेशी आपल्या वॉचमन. रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये साधारण चार ते अकरा हजार. कोण आपला, कोण परका हे त्या ओळखतात. त्यातल्या काही तर एकदा येऊन गेलेल्या जंतूचा चेहरा वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात. लस याच स्मरणशक्तीवर चालते. प्लेटलेट्स म्हणजे प्लंबर. तेवढ्याच रक्तात त्या दीड ते साडेचार लाख असतात. भाजी चिरताना बोट कापलं की त्या धावत येऊन भोक बुजवतात, आणि रक्तद्रवातलं फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन त्यावर धाग्यांची जाळी विणतं. डेंग्यूत आपण रोज ज्यांचा आकडा विचारत बसतो, त्या याच.

आता लाल थराकडे येऊ. तांबडी पेशी मध्ये दाबलेल्या वड्यासारखी असते. तिला केंद्रक नसतं. ती जागा तिने हिमोग्लोबिनसाठी मोकळी केलेली असते. एका पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे 27 कोटी रेणू, आणि प्रत्येक रेणूत लोहाचे चार अणू. फुप्फुसातला ऑक्सिजन या लोहाला धरूनच पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचतो. पेशीचं आयुष्य 120 दिवस. म्हणून अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजात, सेकंदाला वीस लाखांहून जास्त नव्या पेशी तयार होत असतात. मी हे वाक्य बोलेपर्यंत तुमच्या अंगात कोटभर झाल्यासुद्धा.

मग कमी का पडतात? इथे मी ट्रेझररसाहेबांच्या भाषेत बोलतो.

आपल्या सगळ्या शरीरात मिळून लोह असतं तीन-चार ग्रॅम, एखाद्या खिळ्याइतकं. त्यातलं दोन-तृतीयांशाच्या आसपास हिमोग्लोबिनमध्ये असतं. जुनी पेशी मोडली की तिचं लोह शरीर फेकत नाही, नव्या पेशीला वापरतं. अन्नातून रोज अंगी लागतं ते जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम. रोजची झीज असते साधारण एक मिलिग्रॅम. म्हणजे जमा आणि खर्च कसाबसा जुळतो. आता एक मिलिलिटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. एखादीला पाळीत महिन्याला 80 मिलिलिटर रक्त जात असेल, तर तिचा जादा खर्च 40 मिलिग्रॅम झाला. त्यात बाळंतपणं, त्यात सगळ्यांना वाढून झाल्यावर उरेल ते खायचं, आणि वर लगेच कपभर चहा. ताळेबंद कसा जमणार?

आणि यातली खरी मेख पुढे आहे. आपल्या सोसायटीचा जसा सिंकिंग फंड असतो, तसा शरीराचाही असतो. यकृतात आणि इतर ठिकाणी लोह साठवलेलं असतं. त्याचा अंदाज 'फेरिटिन' नावाच्या तपासणीतून येतो. जमेपेक्षा खर्च वाढला की शरीर आधी हा फंड मोडतं. त्या काळात हिमोग्लोबिन ठीकच दिसतं, लिफ्ट चालू, दिवे चालू, कुणाला काही कळत नाही. फंड संपत आला की मग हिमोग्लोबिन उतरायला लागतं. म्हणजे थेंब तरंगतो त्याच्या कितीतरी आधी घर तोट्यात गेलेलं असतं. आणि हे इतकं हळू होतं की माणसाला त्याची सवय होते. दम लागणं, केस गळणं, चिडचिड, पायात गोळे, सगळं 'वय झालं' या एका खात्यावर टाकून आपण मोकळे होतो.

2019 ते 2021 या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के भारतीय स्त्रियांत रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रातही निम्म्याहून जास्त. म्हणजे "बायकांचं कमीच असतं" हे खरं निघालं. पण ते तसंच असायला हवं, असं शरीरशास्त्रात कुठेही लिहिलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने गरोदर नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली गेलं की तो रक्तक्षय. कमी असणं नेहमीचं झालं, म्हणून ते बरोबर ठरत नाही.

आता जेवणाचं सांगतो. बीट लाल असतं म्हणून रक्त वाढवतं, हा आपला लाडका समज आहे. बीट जरूर खा, पण त्यात लोह फारसं नसतं. त्यापेक्षा हळीव, तीळ, मटकी-चवळीसारखी कडधान्यं आणि पालेभाज्या बऱ्या. खाणाऱ्यांसाठी मटण-मासे आहेतच, त्यांतलं लोह जास्त सहज अंगी लागतं. भाजी-उसळीवर लिंबू पिळा, त्यातल्या क जीवनसत्त्वाने लोह शोषलं जातं. आणि चहा जेवणाला चिकटून घेऊ नका, तासभर तरी जाऊ द्या. लोहाची गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर तीही चहा-दुधाबरोबर नको. गोळीने शौचाला काळी होते, त्याला घाबरून गोळी सोडू नका.

पण एक गोष्ट फार महत्त्वाची. आपल्याकडे चौथ्या मजल्यावर ओल आली, तेव्हा आपण आधी लीकेज शोधलं, मग रंग काढला. रक्ताचंही तसंच. कमी का झालं, हे शोधल्याशिवाय नुसत्या गोळ्या खाऊ नका. पाळी थांबलेल्या बाईचं किंवा कुठल्याही पुरुषाचं हिमोग्लोबिन उतरलं, तर पोटात कुठे रक्त झिरपत नाही ना, हे डॉक्टरांकडून बघून घ्यायलाच हवं. मूळव्याध असेल, अल्सर असेल, कधी आतड्याचा कॅन्सरही असतो, आणि तो लवकर सापडला तर माणूस वाचतो. लग्नाच्या वयाच्या मुलामुलींनी थॅलॅसेमियाची तपासणीही करावी. 'थॅलॅसेमिया मायनर' असलेला माणूस धडधाकट असतो, फक्त हिमोग्लोबिन थोडं कमी असू शकतं. पण नवरा-बायको दोघंही मायनर असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला मोठा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. अशा मुलांना दर काही आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, जन्मभर.

ते रक्त येतं कुठून? कारखान्यातून नाही. ते तुमच्या-माझ्या दंडातूनच येतं. एका पिशवीचे आम्ही भाग करतो. तांबड्या पेशी फ्रिजमध्ये 35 ते 42 दिवस टिकतात. रक्तद्रव उणे 30 अंशांखाली गोठवून वर्षभर. पण प्लेटलेट्स 22 अंशांच्या आसपास, सतत हलत्या तबकात ठेवूनही फक्त पाच दिवस. म्हणून 15 ऑगस्टला शंभर पिशव्या आणि मग वर्षभर सामसूम, याने भागत नाही. पुरुषांना दर तीन महिन्यांनी, स्त्रियांना दर चार महिन्यांनी देता येतं. वय 18 ते 65, वजन किमान 45 किलो, आणि तोच 12.5 चा आकडा.

रक्तगटाबद्दल एवढंच सांगतो. ए, बी, ओ गट कार्ल लँडस्टायनर यांनी व्हिएन्नात 1901 साली जगापुढे मांडले. पण एक गट आपल्या मुंबईच्या नावाचा आहे. 1952 साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी इथे असं रक्त शोधलं, जे नेहमीच्या तपासणीत ओ गटासारखं दिसतं, पण त्या माणसाला ओ गटाचंही रक्त चालत नाही. त्याला फक्त त्याच गटाचं लागतं. भारतात साधारण दहा हजारांत एक असा माणूस असतो. म्हणून तुमच्या कार्डावर गट छापलेला असला तरी पेढीवाले दर वेळी नव्याने जुळवणी करतात. त्यांना "किती उशीर लावता" म्हणून ओरडू नका. ती पंचेचाळीस मिनिटं जीव वाचवतात.

आता आमच्या हिच्याकडे परत येतो. तपासण्यांत गर्भाशयात साधी गाठ निघाली. त्यामुळे दर महिन्याला रक्त जास्त जात होतं. ती गोष्ट तिने मला कधी सांगितली नव्हती, कारण मी कधी विचारली नव्हती. उपचार झाले, काही महिने गोळ्या झाल्या. त्यानंतरच्या शिबिरात ती पुन्हा रांगेत उभी राहिली. मी थेंब सोडला. तो सरळ तळाशी गेला. ती म्हणाली, "आता तुमचाही दाखवा." मीही बोट पुढे केलं.

मंडळी, पंचवीस वर्षं झाली म्हणून आपण इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करून घेतलं. आता घरोघरी माणसांचंही करू या. साधी सीबीसी तपासणी पुरेशी आहे. पुढच्या शिबिराच्या दोन महिने आधी करा, म्हणजे सुधारायला थोडा वेळ मिळेल. आणि आज घरी गेल्यावर पुरुष मंडळींनी एक करायचं. घरातल्या बाईला, मग ती आई असो, बायको असो की लेक, एवढंच विचारायचं: "तुला जिना चढताना दम लागतो का?" आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं.

मसालेभात तयार आहे असं दिसतंय. पानात लिंबाची फोड आहे, ती बाजूला ठेवू नका. आणि चहा तासाभराने!